स्वयंअध्ययन आणि महाविद्यालयाचे दार

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील उमरगा हे धाराशिव जिल्ह्याच्या टोकाचे, कर्नाटकाच्या सीमेजवळचे तालुक्याचे गाव. शेजारच्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे एक लहानसे खेडे आहे. हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, १९२१ साली, त्या खेड्यात एक राष्ट्रीय शाळा उघडली. संस्थानाच्या सरकारी शिक्षणव्यवस्थेबाहेर, लोकांच्या बळावर उभी राहिलेली ती शाळा होती. पुढे तिच्या मुख्याध्यापकपदी व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे तरुण शिक्षक आले. हेच नंतर स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी झाले.

स्वामीजींचे स्वतःचे उच्च शिक्षण पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले होते. असहकाराच्या चळवळीत, सरकारी महाविद्यालये सोडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, लोकमान्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्येच हे विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखालील अभिमत विद्यापीठाचा दर्जा त्यास मिळाला तो १९८७ मध्ये. स्वामीजी १९७२ मध्येच निवर्तले होते. ज्या विद्यापीठाने त्यांना घडविले, त्याच्या पदरी हा दर्जा त्यांच्या पश्चात पंधरा वर्षांनी पडला.

त्यांच्या विद्वत्तेत यामुळे काही उणे राहिले असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्ञान मिळणे आणि त्या ज्ञानाला मान्यता मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही बाब या उदाहरणातून स्वच्छ दिसते. स्वामीजींच्या पिढीने मान्यतेवर जाणूनबुजून पाणी सोडले होते. आजच्या सामान्य कुटुंबास ते परवडत नाही. म्हणून घरी बसून वरच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्याने पहिले पुस्तक उघडण्यापूर्वीच एक गोष्ट विचारून घ्यावयास हवी : आपण जी परीक्षा देणार आहोत, तिच्याकडे पुढील महाविद्यालय कोणत्या दृष्टीने पाहील?

असा अभ्यास कोण करते?

उमरगा शहरात वरिष्ठ महाविद्यालये आहेत. कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांचे शिक्षण तेथे मिळते. तथापि प्रत्येक विषय आणि प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रम तालुक्याच्या गावी असणे शक्य नसते. विद्यापीठाचे मुख्य आवार छत्रपती संभाजीनगरास, तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. उपपरिसर धाराशिवला आहे, तोही रोज ये-जा करण्याजोगा नाही. सोलापूर किंवा लातूर येथे मुलास ठेवावयाचे म्हटले, तरी खोलीभाडे आणि मेस यांचा खर्च मध्यम प्रतीच्या दुकानदाराला जड जातो.

अशा वेळी घराघरांतून जी माणसे पुस्तक हाती घेतात, त्यांची वर्गवारी सहज करता येते. बारावीनंतर लग्न होऊन आलेली सून, मुले शाळेत जाऊ लागल्यावर राहिलेली पदवी पुरी करू इच्छिते. वडिलांच्या अकाली आजारपणामुळे विसाव्या वर्षी गल्ल्यावर बसलेला मुलगा, दुकान बंद झाल्यावर रात्री वाणिज्य शाखेची पुस्तके वाचतो. दहावीत अडखळलेला कामगार पुन्हा एकदा परीक्षा देऊ पाहतो. आणि एखादी हुशार मुलगी महाविद्यालयात शिकत असतानाच, तेथे न शिकवला जाणारा वरचा विषय स्वतः शिकते. चौघांचे वय वेगळे, हेतू वेगळे. पण दोन-तीन वर्षे आणि साठवलेला पैसा चौघांचाही पणाला लागलेला असतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रवेशाच्या खिडकीशी ‘हे आमच्याकडे चालत नाही’ असे ऐकावे लागले, तर ती वर्षे परत मिळत नाहीत.

महाविद्यालये स्वयंअध्ययनाला तुच्छ लेखतात, असा एक समज आहे. वस्तुतः विद्यार्थी वर्गात बसला होता की माजघरात, यात महाविद्यालयाला फारसे स्वारस्य नसते. त्याचे प्रश्न तीनच असतात. परीक्षा कोणी घेतली? तिच्या खालची पायरी उमेदवाराने चढलेली आहे का? आणि उत्तरपत्रिका त्याने कोणाच्या देखरेखीखाली लिहिली?

पहिला प्रश्न : परीक्षा कोणी घेतली?

शालेय पातळीवर याचे उत्तर सरळ आहे. शाळेत न जाता दहावी किंवा बारावीला बसू इच्छिणाऱ्यांसाठी राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ कित्येक वर्षांपासून आहे. वय आणि पूर्वशिक्षण यांच्या ठरावीक अटी पुऱ्या करून, नेमून दिलेल्या शाळेमार्फत किंवा कनिष्ठ महाविद्यालयामार्फत, परीक्षेच्या कित्येक महिने आधी नावनोंदणी करावी लागते. धाराशिव जिल्ह्याचा कारभार मंडळाच्या लातूर विभागाकडे आहे. या मार्गाने बसलेल्याची प्रश्नपत्रिका, परीक्षक आणि मंडळ तेच असते. म्हणून गुणपत्रिकेचे मोलही राहते. मात्र प्रयोगशाळेवाचून ज्यांचा अभ्यास होत नाही अशा विज्ञान विषयांसाठी ही वाट सोयीची नाही.

पदवीच्या पातळीवर पूर्वी विद्यापीठे ‘बहिःस्थ’ विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू देत. शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून अशा असंख्य मराठी माणसांच्या पदव्या त्या वाटेने आल्या. आता ती जागा बहुतांशी मुक्त आणि दूरशिक्षणाने घेतली आहे. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य खेडोपाडीच्या अभ्यासकेंद्रांतून खरे होत गेले.

या पदव्यांना महाविद्यालये मानतात काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सप्टेंबर २०२० च्या विनियमांनी याचे उत्तर लेखी देऊन ठेवले आहे. आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेने, मान्यता असलेल्या अभ्यासक्रमात, मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष समजावयाची आहे. येथे ‘मान्यता’ हा शब्द दोनदा आला आहे, याकडे लक्ष द्यावे. संस्था मान्यताप्राप्त असली म्हणजे तिचा प्रत्येक दूरस्थ अभ्यासक्रम मान्य असतो, असे नाही. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर, कोणत्या वर्षी कोणत्या विद्यापीठास कोणते अभ्यासक्रम चालविण्यास अनुमती आहे, याची यादी असते. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला तेथेच स्वतःचा ‘डीईबी आयडी’ काढावा लागतो. त्यामुळे ही पडताळणी घरबसल्या होऊ शकते.

काही विषय या वाटेने शिकविण्यास मनाईच आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र, विधी हे त्यांतील प्रमुख होत. ही मनाई कागदावरचीच आहे असे मानणाऱ्यांना २०१७ मध्ये मोठा धडा मिळाला. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीवाचून दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या, आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने घ्यावयाच्या परीक्षेतून त्यांना स्वतःला पुन्हा सिद्ध करण्यास सांगितले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. कित्येकांच्या नोकरीला तोवर दहा-बारा वर्षे झाली होती. त्यांच्यापैकी पुष्कळांनी मन लावून अभ्यास केला असेल. उणीव राहिली ती पदवी देणाऱ्याच्या अधिकारात, आणि तिची किंमत घेणाऱ्याला मोजावी लागली.

दुसरा प्रश्न : खालची पायरी आहे का?

आपली शिक्षणव्यवस्था जिन्यासारखी आहे. दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर, असा तिचा क्रम. उडी मारून वरच्या पायरीवर पोचलेल्याचे पाय कितीही स्थिर असोत, खालची पायरी रिकामी असल्यास आक्षेप येतो.

काही मुक्त विद्यापीठांनी एके काळी, पदवी नसलेल्यांनाही वयाच्या अटीवर थेट पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश दिला. अशा एका प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मूळ पदवी नसताना मुक्त पद्धतीने मिळविलेली पदव्युत्तर पदवी त्या पदासाठी ग्राह्य धरता येणार नाही. तामिळनाडूतील चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यपदाची ती बाब होती. उमरग्याच्या वाचकाला ती दूरची वाटेल. पण तिचा नियम येथेही लागू पडतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रमाद्वारे बारावी न झालेल्या अनेक प्रौढांना पदवीचे दार उघडून दिले, हे मोठेच काम झाले. अशा मार्गाने आलेल्याने मात्र, आपण पुढे ज्या संस्थेत किंवा नोकरीत जाऊ इच्छितो, तिची बारावीविषयीची अट काय आहे, हे अगोदर वाचून घ्यावे.

जिन्याच्या या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. मालविका राज जोशी या मुलीने सातवीनंतर शाळा सोडली आणि ती घरीच शिकू लागली. संगणकीय आज्ञावलीच्या अभ्यासात ती इतकी रमली, की आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये भारतातर्फे खेळून तिने तीन पदके मिळविली, दोन रौप्य आणि एक कांस्य. परंतु तिच्याजवळ दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. आयआयटीच्या प्रवेशास बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक असल्याने ते दार बंद होते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिची तयारी पाहून तिला घेतले. आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला.

या घटनेची बातमी झाली तेव्हा आपल्याकडच्या नियमांवर बरीच टीका झाली. ती अगदीच गैर नव्हती. पण घरोघरीच्या पालकांनी तिच्यातून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. ज्या संस्थेने तिला स्वीकारले, तिनेही ‘मी घरी पुष्कळ शिकले’ एवढ्या शब्दांवर स्वीकारले नाही. जगभरच्या मुलांबरोबर, परक्या परीक्षकांसमोर मिळविलेली तीन पदके तिच्या हाती होती. असा पुरावा हजारांत एखाद्याजवळ असतो. इतरांसाठी बारावीचे प्रमाणपत्र हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र चालणारा पुरावा होय. मुलाला शाळेबाहेर शिकवावयाचे असेल तर खुशाल शिकवावे. परंतु सतरा नंबरच्या फॉर्मने किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेने ती पायरी बांधून ठेवावी.

तिसरा प्रश्न : उत्तरपत्रिका कोणासमोर लिहिली?

आज मोबाइलवर शेकडो अभ्यासक्रम मिळतात आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्रही छापून येते. ती प्रमाणपत्रे फाइलमध्ये लावून तरुण मुले प्रवेशास जातात आणि त्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, म्हणून हिरमुसली होतात. येथे परीक्षा खरोखर उमेदवारानेच दिली याची खात्री देणारा कोणी नसतो, हे त्यामागील कारण.

याउलट केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठाची व्यवस्था पाहावी. ९ जुलै २०१७ रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. त्यावरील अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे पुष्कळसे अभ्यासक्रम ‘एनपीटेल’ या नावाने आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचे प्राध्यापक शिकवितात. शिकणे विनामूल्य आहे. परीक्षा द्यावयाची असेल तर सुमारे हजार रुपये शुल्क भरावे लागते. ती नेमलेल्या केंद्रावर, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर होते. एनपीटेलच्या निकालात घरी सोडविलेल्या स्वाध्यायांना पंचवीस टक्के आणि केंद्रावरील परीक्षेला पंचाहत्तर टक्के भार असतो. विश्वास कशावर आहे, हे या दोन आकड्यांतच कळते.

म्हणूनच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत एका सत्रातील वीस टक्क्यांपर्यंत, आणि २०२१ च्या विनियमांत चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेण्यास वाव दिला. ते श्रेयांक विद्यार्थ्याच्या मूळ गुणपत्रिकेत येतात. २०२१ मध्येच स्थापन झालेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ मध्ये ते जमा राहतात. बचत खात्यात जशी रक्कम साठते तसे हे श्रेयांक साठतात, अशी कल्पना आहे. पण बँकेच्या व्यवहारात जमापावतीवर शिक्का लागतो तसा येथेही लागतो. कोणते अभ्यासक्रम आपण मानू, हे विद्यार्थ्याचे स्वतःचे महाविद्यालय व विद्यापीठ सत्राच्या आरंभी ठरविते. आधी न विचारता केलेला उत्तम अभ्यासक्रमही ज्ञान देईल, श्रेयांक देईलच असे नाही.

स्वयंअध्ययन हाच जेथे नियम आहे

घरी केलेल्या अभ्यासाला आपल्याकडे किंमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दोन परीक्षांकडे पाहावे. पहिली बँकांची. १९२८ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स’ ही संस्था स्थापन झाली. आज ती ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स’ या नावाने ओळखली जाते. तिच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षांसाठी बँक कर्मचाऱ्याला रोजच्या वर्गात बसावे लागत नाही. दिवसभर काउंटर सांभाळून, रात्री कायदा, हिशेब आणि वित्त यांची पुस्तके वाचून पिढ्यान्‌पिढ्या कर्मचारी उत्तीर्ण होत आले. बँका त्यासाठी वेतनवाढ देतात आणि बढतीच्या वेळी तिची दखलही घेतात. हा अभ्यास कोठे केला, असे कोणी विचारत नाही. कारण प्रश्नपत्रिकेचा कस सर्वांना ठाऊक आहे.

दुसरी सनदी लेखापालाची, म्हणजे सी.ए.ची. व्यापारी घरांतून ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. शिकवणी लावणारे पुष्कळ असले तरी संस्थेला शिकवणीचे प्रमाणपत्र लागत नाही. तिचे अभ्याससाहित्य, तिची परीक्षा आणि अनुभवी लेखापालाच्या हाताखालील उमेदवारी एवढेच लागते. मार्च २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सी.ए., कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या. महाविद्यालयाबाहेर, मुख्यतः स्वकष्टाने केलेल्या अभ्यासाला महाविद्यालयीन जगाने दिलेली ही मोठी पावतीच होय.

विद्यापीठातील अध्यापनाची पात्रता ठरविणाऱ्या ‘नेट’ आणि ‘सेट’ या परीक्षाही याच जातीच्या. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराची पदव्युत्तर परीक्षा किमान पंचावन्न टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेली असली की बसता येते. तयारी कोठे केली याची चौकशी नाही. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. झालेली उमरग्याची सून आणि पुण्याच्या नामांकित महाविद्यालयातून झालेला तरुण हे दोघे त्या दिवशी एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसतात.

परदेशातील रीत

ही कल्पना जगात नवीन नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच, विद्यार्थी कोठे शिकला हे न पाहता, त्याला आपल्या परीक्षेस बसू देण्याचा निर्णय घेतला. १८७८ मध्ये स्त्रियांनाही तेथे पदवीची द्वारे खुली झाली. बॅरिस्टरीसाठी विलायतेत गेलेल्या तरुण मोहनदास गांधींनी फावल्या वेळात याच विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा देण्याचे ठरविले. पहिल्या खेपेस ते लॅटिनमध्ये अनुत्तीर्ण झाले. पुन्हा अभ्यास करून १८९० मध्ये ते उत्तीर्ण झाले, हे त्यांच्या आत्मकथेच्या वाचकांना माहीत असेलच.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात ‘ए.पी.’ परीक्षांचा उल्लेख वारंवार येतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ हे तिचे पूर्ण नाव. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकून, मे महिन्यात ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेची परीक्षा द्यावयाची, अशी ही पद्धत १९५५ पासून चालत आली आहे. गुण एक ते पाच या श्रेणीत मिळतात. आपल्या शाळेत तो विषय शिकवीत नसल्यास, परीक्षा घेणाऱ्या एखाद्या शाळेशी बोलून स्वयंअध्ययनानेही बसता येते.

तेथील महाविद्यालये या गुणांकडे दोन निरनिराळ्या वेळी पाहतात, आणि या दोहोंची गल्लत करू नये. प्रवेशाच्या वेळी स्वतः अभ्यासून मिळविलेली चांगली श्रेणी ही विद्यार्थ्याच्या जिज्ञासेची साक्ष ठरते. पण शाळेतील चार वर्षांच्या नियमित गुणांची जागा ती घेत नाही. प्रवेश झाल्यावर प्रश्न येतो श्रेयांकाचा. अनेक सरकारी विद्यापीठे तीन किंवा अधिक श्रेणीवर तो विषय झाला असे मानतात. काही नामांकित संस्था पाचचीच अपेक्षा धरतात, आणि काही केवळ वरच्या वर्गात बसू देतात, श्रेयांक देत नाहीत. प्रत्येक संस्था आपला नियम जाहीर करते. सातासमुद्रापलीकडेही उत्तर तेच आहे : आधी नियम वाचावा, मग परीक्षेची फी भरावी.

जे पुस्तकातून मिळत नाही

स्वयंअध्ययनाच्या उणिवाही आहेत, आणि अनुभवी प्राध्यापक मुलाखतीत त्याच हेरतात. घरी शिकलेल्याचे वाचन पुष्कळदा वर्गातल्या मुलापेक्षा अधिक असते. मात्र आवडलेला भाग खोलवर आणि नावडता भाग वरवर, असा त्याचा तोल ढळलेला असतो. आपली चूक कोणी दाखविली नसल्याने ती पक्की होऊन बसते. लिहून उत्तर देण्याचा सराव कमी पडतो. प्रयोगशाळा, गटातील चर्चा आणि शिक्षकाची ओळख यांची उणीव तर असतेच. पुढे शिफारसपत्र मागितले की ती जाणवते.

मराठवाड्याने या बाबतीत एक असामान्य उदाहरण पाहिले आहे. नरहर कुरुंदकर विद्यार्थिदशेत इंटरच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाले. वाचन मात्र अफाट. नांदेडला शाळेत शिक्षकाची नोकरी करीत असतानाच त्यांनी पुढे बी.ए. आणि एम.ए. केले. नंतर ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. त्यांच्या व्यासंगाची कीर्ती पदवीच्या आधीच झाली होती. तरीही त्यांनी पदवीला अनावश्यक मानले नाही. संसार आणि नोकरी सांभाळून ती पायरी त्यांनी बांधून काढली. त्यांचे विचार ऐकावयास जमणाऱ्या तरुणांशी ते तासन्‌तास चर्चा करीत. एकट्याने वाचलेले चारचौघांत तपासून घेण्याची ही सवय घरी शिकणाऱ्या प्रत्येकाने उचलण्याजोगी आहे.

अर्ज भरण्यापूर्वी

व्यवहाराच्या दृष्टीने काही गोष्टी आरंभीच कराव्यात. पुढे जेथे जावयाचे आहे त्या महाविद्यालयाचे किंवा नोकरीचे चालू वर्षाचे माहितीपत्रक मिळवून त्यातील पात्रतेची कलमे शब्दशः वाचावीत. शंका असल्यास विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे लेखी विचारणा करावी आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. तोंडी आश्वासन देणारा कर्मचारी पुढल्या वर्षी त्या टेबलावर असेलच असे नाही. एजंटाने दाखविलेल्या रंगीत पत्रकापेक्षा आयोगाच्या संकेतस्थळावरील यादी खरी मानावी.

कागदपत्रांची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन प्रमाणपत्र आणि शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र. बारा वर्षांनी पुन्हा शिकू लागलेल्या गृहिणीचा प्रवेश बहुधा गुणांमुळे अडत नाही. अडतो तो हरवलेल्या दाखल्यामुळे आणि लग्नानंतर बदललेल्या नावामुळे. नावातील बदलाचा पुरावा आधीच तयार ठेवला तर ऐनवेळची धावपळ टळते.

नियमित शिक्षण घेणाऱ्यांसाठी आणखी एक वाट खुली झाली आहे. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास अनुमती दिली. उमरग्यातील महाविद्यालयात बी.कॉम.च्या वर्गात बसणारा विद्यार्थी, मान्यताप्राप्त विद्यापीठाचा दुसरा अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करू शकतो. अर्थात दोन्हींना न्याय देण्याची ताकद असेल तरच हे पाऊल उचलावे.

घरच्यांचीही यात जबाबदारी असते. अभ्यास करणारी सून स्वयंपाकघरातून सुटल्यावर रात्री अकराला पुस्तक उघडत असेल, तर तिच्या निकालाचा बोल केवळ तिला लावता येणार नाही. दिवसातील दोन तास तिच्यासाठी मोकळे करणे, आणि परीक्षाकेंद्र परगावी असेल तर सोबत जाणे, एवढे घरातील माणसे नक्कीच करू शकतात.

‘स्वाध्याय’ हा शब्द या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. आभ्यंतर तपांत त्याची गणना आहे, आणि तत्त्वार्थसूत्राने त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत वाचनेनंतर लगेच दुसरे स्थान पृच्छनेला, म्हणजे विचारण्याला आहे. स्वतः शिकणाऱ्यानेही विचारत राहावे, हे आपल्या परंपरेला फार पूर्वीच उमगले होते. न समजलेला मुद्दा जाणत्याला विचारावा, तसाच नियम महाविद्यालयाला विचारावा. उमरग्यातील एखाद्या घरात आज रात्री कोणी पुस्तक उघडणार असेल, तर उद्या सकाळी त्याने आधी ते एक पत्र लिहून टाकावे. उत्तर येईपर्यंत अभ्यास थांबविण्याचे मात्र कारण नाही.